तांबड्या समुद्रातली राखण

दोंडाईच्याच्या बाजारात एका गादीवाल्याच्या दुकानात माझी रोजची बैठक असते. गादीवाला माझ्याच वयाचा. त्याचे वडील खांद्यावर धुनकी टाकून खेडोपाडी कापूस पिंजत फिरायचे आणि आमच्या गावी आले की आमच्याच ओट्यावर पथारी टाकायचे, तेव्हापासूनची आमची ओळख. मी त्याला मामू म्हणतो, तो मला हवालदार म्हणतो. पोलिसात मी एक दिवससुद्धा नव्हतो. पण गावाच्या पीक संरक्षण सोसायटीत मी सगळी उमर रखवालदारी केली आणि शेवटी सगळ्या रखवालदारांचा मुख्य झालो, म्हणून हवालदार. तो चेष्टेने म्हणतो. मी मान समजून घेतो.

सोसायटी म्हणजे काय हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. आमच्या खान्देशात गावातले शेतकरी मिळून वर्गणी काढतात आणि सगळ्या शिवारावर रखवालदार ठेवतात. कोणाची मोकाट गुरं कपाशीत शिरली की ती धरून कोंडवाड्यात घालायची. कोणी शेंगा उपटल्या, मिरची तोडली, की त्याला समोर उभं करायचं. हातात लाठी, कमरेला बॅटरी, आणि शिटी तोंडाची. शाळा माझी तिसरीपर्यंतच झाली, पण पायाच्या ठशावरून बैल कोणाचा हे मी सांगत असे. दोन-तीनदा चुकलोही असेन. तसं कोणी म्हटलं तर मी मान्य करत नाही.

तर त्या श्रावणात मामूच्या दुकानात टीव्ही चालू होता. टीव्हीवर कापसाची धूळ बसलेली असते, त्यामुळे बातमी देणारी बाई कायम धुक्यात उभी असल्यासारखी दिसते. तिच्या मागे समुद्राचा नकाशा होता आणि त्यावर लाल बाण सरकत होते. बाई सांगत होती की मित्रदेशांच्या नौदलांनी तांबड्या समुद्रातली आपली गस्त वाढवली आहे. आधी नुसत्या तोंडाशी उभ्या असणाऱ्या लढाऊ बोटी आता पार पुढच्या आखातापर्यंत जाणार. व्यापारी जहाजांवर हल्ले होतात, म्हणून जहाजांना मधे घालून पलीकडे पोचवणार.

मामू सुईत दोरा ओवत होता. न बघताच म्हणाला, "हवालदार, बघ. तुमची सोसायटी समुद्रात निघाली."

"त्यांना काय येतं राखणीतलं," मी म्हणालो.

"का? तोफा आहेत, विमानं आहेत. तुझ्याकडे काय होतं? बाभळीची लाठी."

"तोफेने गाय हाकलता येते का? राखण नजरेने होते, मामू."

"मग जा ना तू. तुझी नजर घेऊन जा. इथे बसून माझा चहा कशाला पितो?"

दुकानात गिऱ्हाईक होतं, तेही हसलं. मी हसलो, पण माझं लक्ष नकाशावर होतं. कारण त्या लाल बाणांच्या अलीकडे, जिथे बाईने बोट ठेवलं, तिथेच कुठेतरी माझ्या नातवाचं जहाज नांगर टाकून उभं होतं.

नातू मालवाहू जहाजावर आहे. इंजिनाच्या खात्यात. गावात सगळे म्हणतात नेव्हीत आहे, आणि मी कोणाला दुरुस्त करत नाही. तो पहिल्यांदा निघाला तेव्हा मी त्याच्याशी भांडलो होतो. म्हटलं, सात पिढ्यांत आपल्यातल्या कोणी समुद्र पाहिलेला नाही, तुला काय अडलं आहे? इथे पपई लाव, ठिबक टाक. त्याने ऐकलं नाही. माझाच नातू, ऐकणार कसा? दोंडाईच्याच्या स्टेशनवर सगळं घर त्याला पोचवायला गेलं, मी गेलो नाही. दिवसभर शेतात बांध घालत बसलो. बांधाला काही झालेलं नव्हतं.

आता त्याला चार वर्षं होऊन गेली. येतो, बाहेरच्या साबणाच्या वड्या आणतो, सगळ्यांचे मोबाईल दुरुस्त करून देतो, परत जातो. या खेपेला तो कानबाईला घरी येणार असं ठरलं होतं. माझी सून, म्हणजे त्याची आई, महिनाभर आधीपासून घर सारवत होती. कानबाई आमची घरची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी नदीवर जाते. बायको होती तोवर तिने केलं, आता सगळं सून करते, आणि खरं सांगायचं तर सून जास्त कडक आहे.

त्या दिवशी मी बाजारातून घरी आलो तर सून ओट्यावर बसलेली, मांडीवर फोन, फोनमध्ये नातू. माझा मुलगा उंबऱ्यात उभा. तो बोलतो कमी, उभा जास्त राहतो. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. इथे सगळ्यांना समजावं म्हणून पुस्तकासारखं लिहितो आहे, पण कुठे कुठे राहून जाईल.

नातू सांगत होता की कप्तानाने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. उद्या-परवा ताफा निघणार. पाच-सहा जहाजं एका रांगेत, पुढे एका देशाची लढाऊ बोट, मागे दुसऱ्या देशाची. ज्याला भीती वाटत असेल, घरचे नको म्हणत असतील, त्याने आत्ताच उतरावं. छोटी बोट किनाऱ्यावर सोडेल, तिथून विमानाने घरी. कोणी नावं ठेवणार नाही, नोकरीही जाणार नाही. उत्तर सकाळपर्यंत द्यायचं.

"मग उतर," सून म्हणाली. "यात विचारायचं काय आहे? रविवारी कानबाई आहे. शनिवारी घरी असशील."

"आई, थांब जरा. नानांना विचारू दे." बापाला तो नाना म्हणतो.

मुलगा उंबऱ्यातूनच म्हणाला, "तुला पटेल तसं कर."

मग नातू म्हणाला, "आबा आले का? आबाले दे." आणि सुनेने फोन माझ्याकडे केला. तिची खात्री होती मी काय म्हणणार याची. चार वर्षं मी समुद्राला शिव्याच देत होतो.

फोनवर नातवाचं तोंड दिसत होतं. दाढी वाढलेली. मागे लोखंडी भिंत.

"आबा, तुम्ही काय म्हनतस? जाऊ का उतरू?"

आता मला कोणी काही विचारलं की मी लगेच उत्तर देत नाही. आधी मीच विचारतो. रखवालदाराची सवय.

"पुढच्या आणि मागच्या बोटीत मुख्य कोण?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"दोन देशांच्या बोटी आहेत ना? हुकूम कोणाचा?"

"आबा, मला काय माहीत. त्यांचं ते बघतील."

"त्यांचं ते बघतील म्हणतो. आणि शेवटपर्यंत त्याच बोटी येणार का मधेच बदलणार?"

"मधे बदलतात म्हणे. अर्ध्या वाटेवर दुसऱ्या येतात."

"हां," मी म्हणालो. तिथेच माझं मन अडकलं. का, ते सांगतो.

फार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने असंच केलं होतं. तापीकाठी एक गाव आहे, आमच्यापासून चांगलं लांब. जमीन काळी, पीक मातलेलं, आणि राखणीला कोणी नाही. लोक बिनदिक्कत गुरं सोडायचे. त्या गावाचा सरपंच आमच्याकडे आला, हात जोडले, म्हणाला, आमचंही शिवार राखा. आमच्या एकट्याने होईना, म्हणून नाल्यापलीकडच्या गावाच्या सोसायटीला बरोबर घेतलं. दोन गावांचे रखवालदार मिळून तिसऱ्या गावाचं शिवार राखायचं. आम्ही केवढ्या रुबाबात गेलो! पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला शेवभाजी खाऊ घातली.

पहिला घोळ झाला तो हद्दीवर. अर्धं शिवार आमचं, अर्धं नाल्यापलीकडच्यांचं. मधे एक चिंचेचं झाड. आम्हाला वाटायचं झाडापर्यंत ते बघतात, त्यांना वाटायचं आम्ही बघतो. गुरांना हे बरोबर कळलं. सगळी मोकाट गुरं त्या चिंचेखालच्या शेतात. एकदा तर आमच्या माणसाने झाडामागे हालचाल पाहून शिटी मारली, पलीकडून त्यांच्या माणसाने मारली, आणि दोघांनी एकमेकांना चोर समजून अख्ख्या ज्वारीतून पळवलं. जेवढी ज्वारी त्या दोघांनी आडवी केली तेवढी गुरांनी वर्षात केली नसती.

दुसरा घोळ माझा म्हणतात, मी म्हणत नाही. मी एक गाय धरली. भरल्या भुईमुगात चरत होती. कोंडवाड्यात घातली. ती निघाली सरपंचाची, ज्याने आम्हाला हात जोडून बोलावलं होतं त्याची. निरोप आला, सोडा. मी म्हटलं, दंड भरा, मग सोडतो. नाल्यापलीकडचा मुख्य म्हणाला, अहो, यजमानाची गाय आहे. मी म्हटलं, गायीच्या कपाळावर यजमान लिहिलेलं नाही. दंड भरला त्याने, पण त्यानंतर शेवभाजी बंद झाली. पुढच्या वर्षी त्यांनी सांगितलं, आता आमचं आम्ही बघू, तुमचे उपकार. आम्ही म्हणालो, धोका अजून टळलेला नाही. आणि आणखी दोन हंगाम तिथेच राहिलो.

हे मी मामूला सांगितलं तेव्हा मामू म्हणाला, "म्हणजे शेवटी धोका तुम्हीच होता." त्याला राखणीतलं काय कळतं? आम्ही होतो तोवर त्या शिवारात चोरी झाली नाही, हे मात्र त्या गावातले म्हातारे आजही कबूल करतील. थोडे आढेवेढे घेतील.

म्हणून मला त्या अर्ध्या वाटेची काळजी. एकाची राखण संपते आणि दुसऱ्याची सुरू होते तिथे जे घडायचं ते घडतं. मी हे नातवाला सांगितलं. चिंचेच्या झाडाचंही सांगितलं.

तो हसला. "आबा, समुद्रात चिंच नसते."

"हसू नको. उतरायचं तर कोण उतरतंय आणखी?"

तो म्हणाला, "एक उतरतोय. त्याची बायको बाळंत होणार आहे. त्यामुळे आमच्यात आधीच एक माणूस कमी. मी उतरलो तर जो राहील त्याला दोन पाळ्या कराव्या लागतील. चार तास इंजिन बघायचं, थोडं पडायचं, परत उठायचं. तो केरळचा आहे, आबा. मागच्या खेपेला मला ताप होता, तेव्हा माझी पाळी त्याने केली."

"पाळी म्हणजे करायचं काय?"

"काही नाही. बघत राहायचं. तेल किती, पाणी किती, आवाज बदलला का. डोळा लागू द्यायचा नाही."

चार वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की तू तिथे नक्की करतोस काय. मला वाटायचं पाने घेऊन बोल्ट आवळत असेल. हा तर राखणच करत होता. खालच्या अंगाला, सूर्य न दिसणाऱ्या जागी, एकटा. आणि मी इकडे बाजारात सांगत फिरत होतो की पोरगं घराण्याचं काम सोडून गेलं.

"मग पाळी सोडू नको," मी म्हणालो. "दुसऱ्याच्या अंगावर टाकून घरी येऊ नको. जा."

बोलून टाकलं. आणि वर पाहिलं तर सून माझ्याकडे बघत होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला, पोराला एवढंच म्हणाली, "जेवत जा," आणि फोन बंद करून आत गेली.

त्या क्षणापासून ती माझ्याशी बोलायची बंद झाली.

बोलायची बंद म्हणजे आमच्याकडची पद्धत अशी की काम अडत नाही. ती माझ्या मुलाला म्हणायची, "सांगा आबांना, आंघोळीचं पाणी काढलं आहे." मी समोर बसलेला. मुलगा माझ्याकडे वळून म्हणायचा, "आबा, पाणी काढलं आहे." मी म्हणायचो, "सांग तिला, ऐकलं." तो तिच्याकडे वळायचा. बिचारा आयुष्यात एवढा कधी बोलला नसेल. दुसऱ्या दिवशी त्याचा घसा बसला.

मी माघार घेणाऱ्यातला नाही. जे म्हणालो ते बरोबरच होतं. पण ताटातली भाकरी अर्धी सोडून उठत होतो, हेही खरं. 'जा' म्हणायला एक अक्षर पुरलं होतं. आता तिकडे काही बरंवाईट झालं तर या घरात मी कुठल्या तोंडाने बसणार, हे तिने बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

शनिवारी गव्हाचं माप घालायचं होतं. कानबाईला गव्हाचे जाड रोट करतात. घरात जेवढे पुरुष तेवढ्यांचा गहू, प्रत्येकाचं सव्वा माप. घराघराचं माप वेगळं असतं. आमचं चांगलं मोठं आहे, आमचे वाडवडील खाणारे असावेत. ते रोट फक्त घराण्यातल्या माणसांनी खायचे. पाहुण्याला नाही, शेजाऱ्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. मामू इतक्या वर्षांचा मित्र, पण त्याला कधी तुकडा मिळालेला नाही. दर श्रावणात तो मला विचारतो, "तुमच्या देवीला माझ्याशीच काय वैर आहे?" आणि सोमवारी कानबाई नदीवर गेली की दिवस मावळायच्या आत रोट संपवायचे, उरवायचे नाहीत.

माप घरातल्या मोठ्याने घालायचं, म्हणजे मी. सूप समोर ठेवून सून बसली. मी माझं माप घातलं. मुलाचं घातलं. तिसऱ्यासाठी पोत्यात हात घातला.

सून मुलाला म्हणाली, "विचारा त्यांना, समुद्रात असलेल्या माणसाचं माप घालतात का?"

मुलगा माझ्याकडे वळला. मी म्हणालो, "ऐकलं मी. घरातल्या पुरुषाचं माप घालतात. तो कुठे आहे ते गव्हाला विचारायचं कारण नाही." आणि घातलं. माझा हात मोठा आहे, थोडं जास्तच पडलं.

तिने एक काम केलं. नातवाचा गहू निराळ्या डब्यात भरला. दळणही निराळं आणायला लावलं. कानबाईच्या दिवसांत गिरणीवाला जातं धुऊन घेतो आणि फक्त रोटाचंच दळतो. तो म्हणाला, "एका घरचे दोन डबे? वाटण्या झाल्या का?" मुलाचा घसा बसलेला, तो काय सांगणार. रविवारी सुनेने तिघांचे रोट केले, पण नातवाच्या वाटणीचे एका टोपलीत घालून वर स्वच्छ फडकं टाकलं आणि टोपली देव्हाऱ्याच्या बाजूला ठेवली. मुलाला म्हणाली, "फोन येईपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही."

जहाजावरचे फोन बंद होते. त्या पट्ट्यातून जाताना जहाजाचा माग लागू नये म्हणून सगळे फोन, इंटरनेट बंद करतात. शनिवारी संध्याकाळी नातवाचा दोन ओळींचा निरोप आला होता: निघालो, सोमवारी करतो फोन. बस.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, हिरवी साडी, गळ्यात साज, अगदी लग्नातल्या नवरीसारखी. गल्लीतल्या बायका गाणी म्हणायला जमल्या. घरात गव्हाची खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, रोट. देवी बसलेली असताना टीव्ही लावायचा नाही, असा हुकूम सुटला होता. मी पाठीमागच्या दारी जाऊन मामूला फोन लावला.

"टीव्ही बघतोस का?"

"बघतोय."

"त्या समुद्राचं काही?"

"काही नाही. कोणत्यातरी नटाचं लग्न दाखवतात. दुपारपासून नवरीचा लेहेंगा चालू आहे."

"खाली पट्टी सरकते ती वाच."

"वाचली. सोन्याचा भाव आणि पाऊस. हवालदार, ऐक. काही झालं असतं तर लेहेंगा दाखवला असता का? लेहेंगा आहे तोवर सगळं ठीक समज."

मला हे पटलं. इतकं पटलं की दर तासाला फोन करून लेहेंगा चालू आहे का विचारत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "आता नवरीसुद्धा कंटाळली, तू झोप."

सोमवारी सकाळी कानबाई निघाली. देवीचा पाट सुनेच्या डोक्यावर, दोन्ही हातांनी धरलेला. पुढे बॅन्जोवाले, मागे बायका, मधेच फुगड्या. कानबाई एकदा डोक्यावर घेतली की नदीपर्यंत खाली टेकवायची नाही, ही रीत. मी कडेने चाललो होतो. शर्टाच्या खिशात फोन. मी तो हाताने दाबून धरला होता, वाजला तर ऐकू येणार नाही पण हलेल तरी म्हणून.

मारुतीच्या पाराशी फोन हलला.

"आबा!"

"बोल! बाहेर निघालात का?"

"काय? ऐकू येत नाही! हे काय वाजतंय?"

"कानबाई चालली!"

"आई कुठे आहे?"

"तिच्या डोक्यावर कानबाई आहे!"

मी धावलो. माझ्या वयाच्या माणसाने धावू नये असं डॉक्टरने सांगितलं आहे, पण डॉक्टरचा नातू समुद्रात नव्हता. मी सुनेच्या बाजूला गेलो आणि फोन तिच्या कानाला लावला. तिला वाटलं मी मधे मधे करतो आहे, तिने मान झटकली. नथ हलली, पाट डुलला, बायका ओरडल्या, "आबा, काय करी राहिनात?" मी म्हणत होतो, "अगं पोराचा फोन!" पण बॅन्जोवाला असा भरात होता की माझं मलाच ऐकू येईना.

मग मी तोंडात दोन बोटं घातली आणि शिटी मारली. रखवालदाराची, नाल्यापलीकडे ऐकू जाणारी. कित्येक वर्षांत मारली नव्हती. वरचे दात नाहीत, तरी निघाली. बॅन्जो बंद. फुगडी बंद. पारावरचं कुत्रंसुद्धा उठून उभं राहिलं.

"पोराचा फोन आहे," मी त्या शांततेत म्हणालो.

तिला पाट खाली ठेवता येईना आणि हात सोडता येईना. ती तशीच उभी, मी कडेला फोन धरून. आणि अख्खं गाव ऐकत होतं.

"जेवलास का?" तिने विचारलं.

तिकडून काहीतरी आलं.

"काय जेवलास? ... नुसता भात? ... झोप झाली का? ... भिजला बिजला नाहीस ना?"

एवढं मोठं लोखंडी जहाज, त्याच्या पोटात बसलेलं पोरगं, आणि ही विचारते भिजला नाहीस ना. बायकांत खसखस पिकली. पण सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात गुंतलेले, म्हणून ते पुसताही येईना. शेजारच्या काकीने पदराने पुसलं. मग सून बॅन्जोवाल्याकडे बघून म्हणाली, "काय बघत राहिला? वाजव ना!" आणि अशी चालायला लागली की आम्हाला तिला गाठताना दम लागला.

नदीत पाणी गुडघ्याएवढं होतं. ती पाण्यात उतरली, कानबाईला निरोप दिला. मी काठावर बसून नातवाशी बोलत होतो. आता मला सगळं नीट विचारायचं होतं.

"हां, सांग. अर्ध्या वाटेवर बोटी बदलल्या तेव्हा काय झालं? मधे किती वेळ गेला? पहिली बोट थांबली का दुसरी येईपर्यंत?"

"आबा, माले काय माहीत?"

"असं कसं? दिसलं असेल ना. पुढची केवढी होती? तोफा कुठे होत्या?"

"आबा, मी ते खालेच व्हतू. पूर्ण वेळ. मी आणि तो केरळवाला, आळीपाळीने. वर आलोच नाही. वर आलो तेव्हा सगळं मागे पडलं होतं, बोटीही निघून गेल्या होत्या. माले काहीच दिखनं नई."

"एकसुद्धा बोट दिसली नाही?"

"एकसुद्धा नाही. इंजिन मात्र छान चाललं, आबा. आवाज जरासुद्धा बदलला नाही."

चार दिवस मी राखणीचा सगळा हिशोब डोक्यात मांडला होता, कोण पुढे, कोण मागे, हद्द कुठे. आणि ज्याच्यासाठी मांडला तो खाली तेलाची पातळी बघत बसला होता. "बरं केलंस," मी म्हणालो. "चांगली राखण केलीस." हे मी त्याला पहिल्यांदाच म्हटलं. तो म्हणाला, आवाज तुटतोय आबा, नंतर करतो. आवाज तुटत नव्हता.

सून पाण्यातून वर आली. माझ्यासमोर उभी राहिली.

"काय म्हणतो?" तिने विचारलं. मला. मुलगा बाजूलाच होता, तो सवयीने माझ्याकडे वळायला लागला, तिने त्याला हातानेच थांबवलं.

"म्हणतो, काहीच दिसलं नाही."

"काहीच नाही?"

"खाली इंजिनपाशी होता. वर आलाच नाही."

तिने साडीचा ओला काठ पिळला, हसली, आणि म्हणाली, "आणि तुम्ही त्याला सतराशे साठ प्रश्न विचारत होतात. आबा, पुढच्या खेपेला त्याने विचारलं की फोन आधी मला द्यायचा."

"देईन," मी म्हणालो. "पण मी जे म्हणालो ते बरोबरच होतं."

"ते मी कधी चूक म्हटलं? चला आता, दिवस मावळायच्या आत त्याच्या टोपलीतले रोटही आपल्यालाच संपवायचे आहेत," ती म्हणाली आणि हात पुढे केला, काठ निसरडा होता म्हणून. मला तिच्या हाताची गरज नव्हती. पण धरला.